साध्या गटातले अकरा उंदीर

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या संस्थेचे संचालक, प्रमुख पाहुणे म्हणून मुद्दाम वेळ काढून आलेले माजी संचालक, ज्यांना आम्ही सगळे अजूनही नुसतं 'साहेब' म्हणतो. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी एवढी मांडामांड झाली आणि ज्यांना यातलं काहीच नको होतं त्या आपल्या सत्कारमूर्ती बाई. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि त्यांची लेक. प्राणिगृहातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी आज काठी टेकत आलेले मामा. आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, तेव्हा आपण सगळे साधारण कुठे पोहोचणार आहोत याचा अंदाज आपल्याला आला असेलच.

आपल्या विभागाचं नाव 'विकर संशोधन विभाग'. विकर म्हणजे एन्झाइम. मी इथे विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने एक काना जास्तीचा दिला होता आणि आम्ही 'विकार संशोधन विभाग' झालो होतो. दुरुस्तीचा प्रस्ताव गेला, त्यावर टिपण आलं, टिपणावर शेरा आला, आणि पाटी नऊ वर्षं तशीच राहिली. पाहुणे यायचे, पाटी वाचायचे आणि म्हणायचे, तुमचा विभाग फारच प्रांजळ दिसतो. आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला तो नुसता विनोद वाटायचा.

बाईंबद्दल बोलायचं तर त्यांचं काम काय होतं ते आधी सांगावं लागेल, कारण मागच्या रांगांत हिशेब विभागाची मंडळी आहेत आणि त्यांचा असा समज आहे की आम्ही उंदीर पाळतो. तो अगदीच चुकीचा नाही. यकृतात कर्करोग व्हायचा असतो तो एका दिवसात होत नाही. गाठ दिसायच्या कितीतरी आधी काही पेशी गुपचूप बिघडतात. दिसायला त्या शेजारणींसारख्याच असतात, पण आतला कारभार बदललेला असतो. एक एन्झाइम, ज्याने निरोगी यकृतात कोपऱ्यात पडून राहायचं, ते एकदम जोरावर येतं. दुसरं, ज्याच्यावर रोजचा संसार चालायचा, ते मावळतं. त्यांची पूर्ण नावं मी घेत नाही, तेवढ्यात चहा गार होईल. बाई उंदराचं यकृत गोठवायच्या, त्याचे केसाहून पातळ काप काढायच्या, काचेवर घ्यायच्या आणि रंगाच्या द्रावणात बुडवायच्या. जिथे ते पहिलं एन्झाइम वाढलं असेल तिथे लाल ठिपका उमटायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. कापाचं यंत्र थंड खोलीत असतं, म्हणून बाई बाराही महिने स्वेटर घालायच्या. बाहेर लोक घामाने निथळताहेत आणि बाई लोकरीचा स्वेटर घालून बसमधून उतरताहेत, हे दृश्य आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेलं आहे.

या कामातली एक खोच महत्त्वाची. काचेवर फक्त आकडा असतो. तो उंदीर कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसतं. ते मामांच्या वहीत. का? तर मोजणाऱ्याचा जीव कुठे अडकलेला असला, तर डोळे त्याच्या बाजूने बघतात. माणूस वाईट असायची गरज नाही.

आता चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांनी एका वनस्पतीचा अर्क शोधून काढला होता. त्यांचं म्हणणं होतं की हा अर्क यकृताला सांभाळतो. प्रयोगाला चार गट केले. पहिल्या गटाला कर्करोग घडवणारं रसायन. दुसऱ्याला तेच रसायन आणि खाण्यात मिसळून साहेबांचा अर्क. तिसऱ्याला नुसता अर्क. चौथ्याला काहीच नाही, साधं खाणं आणि साधं पाणी. त्याला आम्ही साधा गट म्हणायचो. वीस उंदीर. त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. त्यांनी फक्त निरोगी राहायचं होतं.

या प्रयोगावर माझी पदवी अवलंबून होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं, बायको शाळेत शिकवत होती, आणि आम्ही सासऱ्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. जिन्यात भेटले की विचारायचे, "कितपत आलं?" मी म्हणायचो, आलंच. ते घड्याळजी असल्यामुळे 'आलंच' म्हणजे नक्की किती, हा प्रश्न त्यांना पडायचा. पण ते सभ्य होते.

बाईंनी काचा मोजल्या. मामांच्या वहीशी आकडे जुळवले. अर्काच्या गटात ठिपके कमी होते, ते ऐकून साहेब उभे राहिले. मग साध्या गटाचा आकडा वाचला. विसांतल्या अकरा उंदरांत लाल ठिपके. साहेब खाली बसले.

ज्यांना काहीच दिलेलं नाही त्यांना असं का व्हावं? हा प्रश्न विचारायला आपली संस्था स्थापन झाली आहे, असं तिच्या घटनेत लिहिलेलं आहे. साहेबांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. ते म्हणाले, बाई, तुमचे डोळे एकदा तपासून घ्या.

बाई गेल्या. रांगेत उभ्या राहून डोळे तपासून आल्या, दृष्टी निर्दोष असल्याचा दाखला आणला, तो फायलीला लावला आणि सगळ्या काचा पहिल्यापासून मोजल्या. पुन्हा अकरा. मग एक समिती नेमली गेली. तीन सदस्यांची. त्यांतले एक साहेब, दुसरे साहेबांचे विद्यार्थी, तिसरे रजेवर. समितीने निष्कर्ष काढला की मोजणी दुसऱ्या व्यक्तीकडून व्हावी.

ती दुसरी व्यक्ती आत्ता आपल्यापुढे बोलते आहे.

साहेबांनी मला बोलावलं. काचांची पेटी दिली आणि तिच्या शेजारी मामांची वही ठेवली, उघडी. काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की लहान लहान ठिपके कधीकधी रंगाचा गाळ असतात, अनुभवी नजरेला ते कळतं. मला अनुभव सात महिन्यांचा होता. मी तीन दिवस मोजलं. अमुक आकारापेक्षा लहान ठिपका धरायचा नाही, असा नियम मी केला. नियम वाईट नव्हता. फक्त तो मी साध्या गटालाच लावला. अकराचे दोन झाले.

जरा थांबून मी पाणी पितो.

तर, दोन. शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे, साहेब आणि मी. वर्तमानपत्रांत बातमी आली, यकृताच्या कर्करोगावर वनस्पतीची ढाल. एका औषध कंपनीने बाटलीवरची लेबलं छापायला घेतली, एका रुग्णालयाने साठ रुग्णांवर वापरून बघायचं ठरवलं. आणि बाईंच्या सेवापुस्तकात शेरा गेला: 'दृष्टिदोषामुळे मोजणीत तफावत.' दाखला त्याच फायलीत होता, पण फाईल जाड असली की खालचे कागद कोण बघतं? पाठोपाठ आदेश निघाला की त्यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ बाटल्या धुण्याच्या विभागाला व्हावा. आपल्याकडे शिक्षा कधी देत नाहीत. आपल्याकडे लाभ देतात.

बाई चौदा महिने बाटल्या धूत होत्या. स्वेटर काढला, रबरी हातमोजे घातले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. बाटल्यांची खोली प्राणिगृहाला लागून. दुपारी मामा तिथे येऊन बसायचे. मामा सगळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायचे, पुढे सवय बदलायला नको म्हणून. बाईंनी मामांना विचारलं की त्या वर्षी उंदरांच्या खोलीत काय निराळं होतं? मामा म्हणाले, निराळं काय, खाणं. पुरवठादार बदलला होता, पोती ओलसर भिंतीला लावून ठेवलेली होती, आणि 'खाण्याला वास येतो' असं त्यांनी वहीत चार वेळा लिहिलं होतं. वही सगळे बघायचे, पण उंदरांच्या आकड्यांपुरती. मामांचा शेरा कुणी वाचायचा असतो हे कुणाला सुचलंच नव्हतं.

एक पोतं अजून शिल्लक होतं. बाईंनी त्यातल्या मूठभर गोळ्या डब्यात घालून घरी नेल्या. त्यांचे यजमान धान्याच्या गोदामात तपासनीस होते. त्यांनी गोळी फोडली, नाकाला लावली आणि म्हणाले, हे माझ्याकडे आलं असतं तर पोतं दारातूनच परत पाठवलं असतं. त्यांनी नमुना त्यांच्या तपासणी प्रयोगशाळेला दिला. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली होती. त्या बुरशीचं विष यकृतातच कर्करोग घडवतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

म्हणजे साधा गट साधा नव्हताच. चारही गट वर्षभर विष खात होते.

मग अर्काच्या गटात ठिपके कमी का? इथे मला साहेबांच्या शोधाबद्दल आदराने बोललं पाहिजे. मामा दर आठवड्याला उंदरांचं वजन करायचे. अर्क दिलेले उंदीर बाकीच्यांपेक्षा बारीक होते. बाईंनी मामांना विचारलं, हे कमी खायचे का? मामा म्हणाले, "कडू होतं ना ते. तोंड लावायचे आणि बाजूला व्हायचे." अर्काचा गुण एवढाच होता की तो कडू होता. त्याच्यामुळे उंदीर जेवत नव्हते, आणि जेवत नव्हते म्हणून कमी विष पोटात जात होतं.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी वरच्या खोलीत बसून प्रबंध लिहीत होतो. एका संध्याकाळी सासरे जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यांचं यकृत दोन वर्षांपासून आकसत चाललं होतं, रुग्णालयाची औषधं चालू होती आणि त्या औषधांनी त्यांना मळमळायचं. हे मला माहीत होतं. पण त्यांचं यकृत आणि माझं संशोधन या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं खरंच माझ्या मनात आलं नव्हतं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "त्या साठ जणांत माझं नाव घालता येईल का? मग ही रुग्णालयातली औषधं बंद करतो. तुम्ही स्वतः मोजलंय म्हटल्यावर मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही."

मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्यांच्या खोलीत गेलो. बाई काचेच्या नळ्या उलट्या करून ठेवत होत्या. मी त्यांना सासऱ्यांचं सांगितलं. मोजणीचं सांगितलं नाही. त्यांना काय सांगू, असं विचारलं. बाईंनी आधी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "त्यांना काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे. कुणी सांगायचं, एवढंच ठरवायचंय." आणि डब्यातला तपासणीचा अहवाल माझ्या हातात दिला.

मी सासऱ्यांना सांगितलं की अर्क घेऊ नका, प्रयोगात चूक झाली. ते म्हणाले, कुणाची? मी म्हटलं, मोजणाऱ्याची. यात खोटं काहीच नव्हतं. ते म्हणाले, हां, त्या बाई ना, ज्यांना डोळे तपासायला पाठवलं असं तुम्ही म्हणाला होतात?

आणि मी खाली जाऊन पाणी भरलं, असं आठवतं.

बुरशीचा अहवाल घेऊन मी साहेबांकडे गेलो, याचं श्रेय मला पुढे भरपूर मिळालं. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. त्यांच्याबद्दल एवढं म्हटलंच पाहिजे की साठ रुग्णांवरचा प्रयोग त्यांनी त्याच दिवशी थांबवला. कारण दिलं 'तांत्रिक'. मग आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. ताजं खाणं, आणि प्रत्येक उंदराला मोजून सारखंच. दीड वर्ष. बाईंना सूक्ष्मदर्शकावर परत घेतलं. आदेशात कारण होतं की बाटल्यांची स्वच्छता आता समाधानकारक आहे. साध्या गटात या वेळी एकातही ठिपका नव्हता. अर्काने काहीही होत नव्हतं, ना चांगलं ना वाईट. तो दुसरा निबंध छापून आला. त्यात पहिल्या मोजणीबद्दल एक वाक्य होतं, की निरीक्षकाच्या दृष्टीच्या मर्यादेमुळे पूर्वी गफलत झाली. ते वाक्य माझं. शेवटच्या आभारांत बाईंचं नाव होतं, टंकलेखक आणि वीजपुरवठा विभाग यांच्या मधोमध. मला पदवी मिळाली. साहेबांना बढती मिळाली. पहिला निबंध कुणी मागे घेतला नाही, तो आजही ग्रंथालयात आहे आणि लोक त्याचा दाखला देतात. सासरे रुग्णालयाची औषधं घेत आणखी नऊ वर्षं जगले आणि अखेरपर्यंत मला म्हणायचे, तुम्ही वेळेवर पकडलंत म्हणून.

बाई दरवर्षी एक अर्ज करायच्या, की सेवापुस्तकातला शेरा काढावा, सोबत डोळ्यांच्या दाखल्याची प्रत. असे तेवीस अर्ज. त्या शेऱ्यामुळे त्यांची बढती दोनदा हुकली. त्यांनी शिकवलेली मुलं त्यांच्या वरच्या जागेवर बसली. तेविसांतले शेवटचे सहा अर्ज माझ्या टेबलावर आले, कारण तोवर मी विभागप्रमुख झालो होतो. सहाही अर्जांवर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी', आणि पुढे पाठवले. कुठे पाठवले म्हणाल, तर आस्थापना विभागाकडे. ते विभागप्रमुखाच्या अभिप्रायासाठी परत पाठवायचे. मग मी पुढच्या अर्जाची वाट बघायचो.

आज हे का काढलं, असं साहेबांना वाटत असेल. त्यांचा चेहरा मला इथून दिसतो आहे. दोन महिन्यांपूर्वी आपल्या विभागातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या साध्या गटात तीन उंदरांत ठिपके दिसत होते, लहान. तिच्या हातात विभागाची छापील कार्यपद्धती होती. त्यात नियम आहे की अमुक आकारापेक्षा लहान ठिपका रंगाचा गाळ समजावा. खाली माझं नाव. तो नियम चोवीस वर्षांत तीन आवृत्त्यांत छापला गेलाय, आणि आता तो सगळ्या गटांना लावतात, एवढीच त्याची प्रगती. तिने विचारलं, "सर, हे मी धरू की सोडू? मला तर ठिपकेच दिसताहेत." मी म्हटलं, उद्या सांगतो. तिने मान डोलावली. तिला संशय नव्हता, विश्वास होता. मला ते जास्त जड गेलं.

मी त्याच दुपारी बाईंच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं. सगळं, वही उघडी होती, नियम एकाच गटाला लावला, दोन हा आकडा मी केला. त्यांनी काम थांबवलं नाही. काच सरकवत म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्या काचांचा रंग केव्हाच उतरला, पण फोटो काढून ठेवलेत मी. अकराही." मी म्हटलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, तेवीस वेळा बोलले.

मी माफी मागू लागलो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मला सांगून काय उपयोग? माझं मोजणं चुकलं नव्हतं, हे मला ठाऊकच आहे. ज्यांनी ते छापलेलं वाचलंय त्यांना सांगा."

म्हणून आपल्याला सांगतो आहे. आपल्याआधी नियतकालिकाला सांगितलं. पहिला निबंध मागे घ्यावा आणि दुसऱ्यातलं ते दृष्टीचं वाक्य काढावं, असं पत्र सोमवारी गेलं. सोबत बाईंचे अकरा फोटो, प्रत्येकाखाली त्यांचं नाव. पत्रावर दोन लेखकांच्या सह्या हव्या होत्या. पाठवण्याआधी, त्यांच्या घरी चहा घेताना, मी साहेबांना विचारलं. ते प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, अरे, इतकी जुनी काच, आता कोण बघतंय? तेव्हा पत्र एका सहीने गेलं आहे. दुसऱ्याचं म्हणणं स्वतंत्रपणे मागवू, असं नियतकालिकाने कळवलं आहे. विद्यार्थिनीला सांगितलं की तिन्ही धर, आणि खाण्याची पोती जाऊन बघ. विभागप्रमुखपदाचा राजीनामा संचालकांकडे दिलेला आहे. त्यांनी तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' ठेवून घेतला आहे. चौकशी होईल, व्हायलाच हवी. आणि सेवापुस्तकातला शेरा रद्द झाला, परवा. निवृत्तीच्या दोन दिवस आधी. याला कुणी न्याय म्हणू नये. माझ्यासमोर तरी म्हणू नये.

बाईंच्या लेकीला मी एवढंच सांगेन, की तुझ्या आईचे डोळे उत्तम होते. तू लहानपणापासून काहीतरी वेगळं ऐकलं असशील, तर ते मी पसरवलेलं आहे.

माझी पाच मिनिटं केव्हाच सरली. अध्यक्ष महाराजांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि तरीही मला थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. साहेब उठून गेले नाहीत, त्यांचेही आभार. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत. बोलण्याच्या भरात कुठे शब्द कमीजास्त झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक मोठ्या मनाने पोटात घाला. मोजणीतली चूक मात्र पोटात घालू नका. तिच्यासाठी क्षमा मागायचा हक्क मला नाही, आणि बाईंनी ती देऊ केली तर आपण त्यांना थांबवावं, अशी माझी विनंती आहे.

आता त्या बोलतील. मी खाली बसतो.